न मावळणाऱ्या ताऱ्यांखालचा बाक

मित्रांनो, आधी एक गैरसमज दूर करतो. माझ्या शेजारच्या पाटीवर मला 'खुर्ची' म्हटलं आहे. ते साफ चूक आहे. मी एक जुना बाक आहे, वेधशाळेतला, आणि माझ्यावर कधी कुणी धड बसलं नाही की धड झोपलं नाही. माझ्यावर माणूस आभाळाकडे तोंड करून पडायचा आणि दुर्बिणीला डोळा लावायचा. आता इथे संग्रहालयात माझ्यापुढे दोरी बांधली आहे. तुमच्यासारखी मुलं आली की त्यांना पहिल्यांदा 'हात लावू नका' असं सांगतात, आणि मी कशाकरता होतो ते सांगायचं राहून जातं. कुणी विचारतही नाही म्हणा. म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावं.

आणखी एक सांगून ठेवतो. तारा कसा दिसतो ते मला विचारू नका. वेधशाळेत सारं आयुष्य काढून मी एकही तारा पाहिलेला नाही. छपराची झडप उघडली की माझ्यावर माणूस, आणि माणूस उठला की छपराची झडप बंद. पण माणसांच्या पाठी मला चांगल्या कळतात. कोण दमलाय, कुणी श्वास रोखून धरलाय, कुणाचं चित्त ठिकाणावर नाही, हे त्याच्या घरच्यांच्या आधी मला कळायचं. तेवढ्याच भांडवलावर ही हकिकत सांगतो आहे.

मला बनवणारा सुतार हाताने चोख आणि तोंडाने फटकळ होता. वेधकर्ता, म्हणजे दुर्बिणीतून ताऱ्यांची मापं घेणारा माणूस, त्याच्याकडे माझं चित्र घेऊन गेला. सुताराने चित्र उभं धरलं, आडवं धरलं आणि म्हणाला, "साहेब, खुर्ची हवी की खाट, एकदा काय ते ठरवा."

"दोन्ही," वेधकर्ता म्हणाला.

"मग जे काही होईल ते तुमचं. कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नका."

असं म्हणून त्याने वेधकर्त्याला भुशातच आडवा पाडला आणि शिंप्याने घ्यावीत तशी त्याची मापं घेतली. मान, पाठ, गुडघे, सगळी. माझं लाकूड जाड आणि बिनगाठीचं आहे. माझी पाठ मागे-पुढे कलते आणि लोखंडी कमानीच्या खाचांत अडकून राहते. डोक्याकडे जाड गादी, पायाकडे नुसता पातळ कातडी पट्टा, कारण पायांना कशाला लाड, असं सुताराचं म्हणणं. खाली चार चाकं आणि ती दोन रुळांवर बसवलेली. रूळ उत्तर-दक्षिण. मला कधी पूर्वेला किंवा पश्चिमेला जाता आलं नाही, आणि जायची गरजही पडली नाही.

आमची खोली लांबट होती. मधोमध दगडाचे दोन खांब आणि त्यांच्यामध्ये दुर्बीण. ती सी-सॉच्या फळीसारखी फक्त वर-खाली व्हायची. इकडे-तिकडे वळायची नाही. ताऱ्याच्या मागे धावणं तिच्या स्वभावात नव्हतं. आभाळाच्या माथ्यापासून उत्तरेच्या क्षितिजापर्यंत एक सरळ रेघ आहे अशी कल्पना करा. दुर्बीण त्या रेघेवर नजर लावून थांबायची आणि तारा आपल्या पायांनी चालत तिथे यायचा. छपरालाही तेवढ्याच रेघेपुरती फट होती. दक्षिणेचे तारे पलीकडच्या खोलीत. त्यांच्याशी आमचं काही देणंघेणं नव्हतं.

आमच्याकडे काम होतं न मावळणाऱ्या ताऱ्यांचं. सूर्य मावळतो, चंद्र मावळतो, बहुतेक तारे मावळतात, पण उत्तर ध्रुवाच्या आसपासचे तारे क्षितिजाखाली जातच नाहीत. ध्रुवाभोवती घिरट्या घालतात, बांधलेल्या वासरासारख्या. जितकं उत्तरेला जाल तितके असे तारे जास्त. सप्तर्षी, शर्मिष्ठा आणि त्यांच्या मधले कितीतरी बिननावाचे. पूर्वीच्या लोकांनी त्यांच्या याद्या नुसत्या डोळ्यांनी पाहून केल्या, मग लाकडी चौकटीतून पाहून केल्या, मग दुर्बिणीतून. प्रत्येक नवी यादी जुनीच्या चुका दाखवायची आणि स्वतःच्या चार नव्या करायची. आमच्या वेधशाळेने ठरवलं होतं, की असे सगळे तारे नव्याने मोजायचे आणि प्रत्येक तारा ध्रुवबिंदूपासून नेमका किती दूर आहे त्याची सूची छापायची.

आता गंमत ऐका. ध्रुवबिंदूवर, म्हणजे ज्या जागेभोवती सगळं आभाळ फिरतं तिथे, कुणीच बसलेलं नाही. ध्रुवतारासुद्धा नाही, तो शेजारी आहे. रिकाम्या जागेपासून अंतर मोजायचं तरी कसं? तर न मावळणारा तारा आमच्या रेघेवरून दिवसातून दोनदा जातो. एकदा ध्रुवाच्या वरून, उजवीकडून डावीकडे. मग अर्ध्या दिवसाने ध्रुवाच्या खालून, डावीकडून उजवीकडे. दोन्ही वेळा त्याचं माप घेतलं की ध्रुव बरोबर मधे सापडतो. मावळणारा तारा या रेघेवर एकदाच भेटतो आणि म्हणेल ते खरं मानावं लागतं. न मावळणाऱ्याची गाठ दोनदा पडते, आणि वरून मोजलं काय नि खालून मोजलं काय, ध्रुवापासूनचं अंतर तेच यावं लागतं. ते वेगळं आलं तर चूक ताऱ्याची नसते.

वेधकर्त्याला सगळे दादा म्हणायचे, कारण त्याची बहीण त्याला दादा म्हणायची आणि ती त्याच वेधशाळेत गणिताला होती. दादा मापं घ्यायचा, ती शेजारच्या खोलीत बसून आकडेमोड करायची. तिला सगळे धाकटी म्हणायचे. केस पिकले तरी धाकटीच.

दादाचं काम असं. माझ्यावर पडायचं, डोळा लावायचा. दुर्बिणीच्या आत कोळ्याच्या जाळ्याचा एक धागा ताणून बसवलेला होता. हो, खऱ्याखुऱ्या कोळ्याचा, त्याहून बारीक काही मिळायचं नाही. तारा आला की एक स्क्रू फिरवून तो धागा बरोबर ताऱ्यावर आणायचा. भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके मनात मोजत राहायचे. मग उठायचं, दुर्बिणीला जोडलेल्या मोठ्या चाकावरचे अंशांचे आकडे वाचायचे, लिहायचे, पुन्हा येऊन पडायचं. पडा, जुळवा, उठा, वाचा, लिहा. तारा ठळक असेल तर भर दिवसाही दुर्बिणीतून दिसतो, त्यामुळे दिवसाही सुटका नाही. थंडीत दादाच्या दाढीवर दव गोठायचं. शेगडी पेटवायची सोय नव्हती, कारण ऊब आली की खोलीतली हवा थरथरते आणि तारा नाचायला लागतो. वहिनी, म्हणजे दादाची बायको, त्याला गळपट्टा आणि गरम पाण्याची बाटली आणून द्यायची आणि म्हणायची, "यांचं लग्न या फळकुटाशीच व्हायचं, चुकून माझ्याशी झालं." फळकूट म्हणजे मी. मी मनाला लावून घेतलं नाही.

पाहुणे यायचे ते दुर्बिणीला नावाजायचे. पितळ चकाकतं, लाकूड चकाकत नाही. एकदा एक पाहुणी बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हे काय?" आणि दादा म्हणाला, "हा नसता तर बाकीचं सगळं भंगारात." ती माझ्या वाट्याला आलेली एकुलती एक शाबासकी. मी ती जपून ठेवली आहे.

कित्येक हिवाळे असे गेले. सूची भरत आली. आणि एका थंडीत दादा माझ्यावर उलटा पडायला लागला.

म्हणजे असं, की नेहमी त्याचं डोकं दक्षिणेला आणि पाय उत्तरेला असायचे. तोंड उत्तरेकडे, सरळ हिशेब. आता ध्रुवाच्या वरून जाणारे उंचावरचे तारे घ्यायचे असले की तो मला सपाट करायचा आणि पायथ्याकडे डोकं करून पडायचा. हनुवटी वर, मान मागे. त्याच्या मानेला रग लागायची, मला कळायची. खालून जाणाऱ्या ताऱ्यांना मात्र तो पूर्वीसारखाच पडायचा, कारण इतक्या खाली उलटं पडून बघताच येत नाही. मला वाटलं, असेल काही म्हातारपणाचं खूळ. माणसाने कुठे डोकं ठेवावं हे बाकाने कशाला ठरवायचं?

पुढच्या वर्षी धाकटीच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या. कागद घेऊन ती आमच्या खोलीत यायची ती नेमकी खालच्या ताऱ्यांच्या वेळी, दादा सुलटा पडलेला असताना, आणि त्याच्या डोक्याशी उभी राहायची.

"दादा, वरचं आणि खालचं जुळत नाही."

"कुठल्या ताऱ्याचं?"

"एखाद्याचं नव्हे, सगळ्यांचंच. गेल्या वर्षापासूनचे सगळे. केसभर फरक आहे, पण सगळ्यांत तेवढाच आणि एकाच बाजूला."

"तुझं गणित तपास."

"तीनदा तपासलं. तू नीट बघतो आहेस ना?"

"मी बघायचं नाही तर कोण बघणार? तू?" दादा म्हणाला आणि पुन्हा डोळा लावला. त्याची पाठ माझ्यावर ताठ झाली होती. इतका ताठ तो कधी व्हायचा नाही. तेव्हाच मला वाटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

मग धाकटीने शोध सुरू केला. खांब खचलेत का, म्हणून पायाशी पाऱ्याची थाळी ठेवून पाहिली. पारा नेहमी सपाट असतो, त्यात बघून दुर्बिणीचा तोल कळतो. तोल ठीक होता. चाकावरच्या रेघा झिजल्यात का, पाहिलं. झिजल्या नव्हत्या. थंडीने पितळ आकसतं का, पाहिलं. आकसायचं, पण पूर्वीइतकंच. बिचारीच्या नाकी नऊ आले.

वेधशाळेचे प्रमुख शिस्तीचे होते, वाईट नव्हते. छापखाना थांबला होता. ते आमच्या खोलीत येऊन उभ्या उभ्या म्हणाले, "यंत्राचं वय झालं, दुसरं काय. कारण सापडलं नाही तर शेवटच्या दोन वर्षांचे तारे गाळावे लागतील. चुकीचं छापण्यापेक्षा कमी छापलेलं बरं."

"दोन वर्षांचे म्हणजे जवळजवळ सगळे मंद तारे," धाकटी म्हणाली. "ते यापूर्वी कुणीच धड मोजलेले नाहीत."

"म्हणूनच म्हणतो, कारण शोधा. ते हातात आलं की छापू."

दादा खिडकीशी उभा होता. प्रमुख गेल्यावर त्याने रुमालाने दुर्बिणीची काच पुसली. ती स्वच्छच होती, सकाळीच पुसलेली.

त्यानंतरच्या एका दुपारी खोलीत कुणी नसताना धाकटी माझ्याकडे आली. तिला माझी चाकं बघायची होती, रूळ वाकलेत की काय म्हणून. तिने मला पुढे ढकललं, मागे ओढलं, मग दमून माझ्या पायथ्याशी हात टेकला. हात टेकला तो एका खळग्यात. पायाकडचा तो पातळ कातडी पट्टा मधोमध दबला होता, डोक्याएवढा. शेजारी दोन पिकलेले केस चिकटलेले. तिने ते उचलून उजेडाला धरले.

तेवढ्यात वहिनी दादाचा गळपट्टा घेऊन आली.

"वहिनी, एक विचारू? दादा हल्ली काही वेगळं वागतो का?"

"हे कधी सरळ वागलेत?" वहिनी म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "अगं, एक आहे. रस्त्याने जाताना पूर्वी हे माझ्या डावीकडून चालायचे. आता हट्टाने उजवीकडे येतात. आणि पाणी ओततात ते पेल्याच्या बाहेर. मी म्हटलं, वय झालं."

धाकटीने वहिनीला दुसरं काही विचारलं नाही.

दादा संध्याकाळच्या आत आला, तेव्हा ती माझ्या कडेला बसून होती. बाहेर अजून उजेड होता.

"दादा, भिंतीवरचं घड्याळ वाच."

त्याने वाचलं.

"आता डाव्या डोळ्यावर हात ठेव आणि वाच."

दादाने हात उचलला नाही. मग तो माझ्यावर येऊन बसला, बहिणीच्या शेजारी. त्याचा सगळा भार एकदम माझ्यावर आला.

"तुला कुणी सांगितलं?"

"निम्मं वहिनीने, निम्मं या बाकाने."

मित्रांनो, मला त्या वेळी बरं वाटलं की वाईट, हे अजून ठरवता आलेलं नाही.

"उजवा डोळा गेला," दादा म्हणाला. "आधी धुकं वाटायचं. मला वाटलं काच खराब झाली. किती वेळा पुसली असेल ती काच. मग कळलं की धुकं काचेवर नाही."

"बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर मला इथून उठवलं असतं. आणि डावा शाबूत आहे गं. डाव्याने तितकंच नीट दिसतं. फक्त डावा डोळा लावला की माझंच नाक-गाल त्या स्क्रूवर येतं, हात घालायला जागा राहत नाही. उलटा पडलो की स्क्रू मोकळा होतो. म्हणून उंचावरच्या ताऱ्यांना उलटा पडतो. खालच्यांना कसंतरी मान वाकडी करून भागवतो."

धाकटीने डोळे मिटले. ती आकडे आठवत असली की असंच करायची.

"दादा, तू धागा ताऱ्यावर लावतोस ना, तो बरोबर मधोमध कधीच लागत नसणार. केसभर डोक्याच्या बाजूला लागत असणार. सगळ्यांचंच तसं काहीतरी होत असेल, कुणाचं डोक्याकडे, कुणाचं पायाकडे. इतकी वर्षं तुझं डोकं दोन्ही वेळेला एकाच बाजूला होतं, म्हणून वरची चूक आणि खालची चूक एकमेकींना खाऊन टाकत होत्या. आता वरच्या वेळेला डोकं उत्तरेला आणि खालच्या वेळेला दक्षिणेला. खायच्या थांबल्या."

"म्हणजे मी जन्मभर चुकीचं लावत आलो?"

"जन्मभर एकसारखं चुकीचं लावलंस, तोवर काही बिघडलं नव्हतं."

दादा हसला. मग त्याचं हसू मावळलं. "प्रमुखांना सांगणार?"

"नाही सांगितलं तर तारे जातील. सांगितलं तर तू जाशील. मला दोन्ही हवेत. पण मी एकटीने काही ठरवणार नाही. तारे तू मोजलेस, तूच सांग काय करायचं ते."

दादा उठला आणि खोलीत दोन फेऱ्या मारून आला. त्याला भीती वाटत होती, ती लपवायचं त्याने सोडून दिलं होतं. "इथून उठलो तर मी दिवसभर करू काय?" तो म्हणाला. शेवटी तोच म्हणाला, "बोलाव त्यांना."

प्रमुख आले. दादाने उभं राहून सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. ऐकून झाल्यावर प्रमुखांचा पहिला प्रश्न असा, "म्हणजे दुर्बीण ठीक आहे?"

"ठीक आहे."

"खांबही?"

"खांबही."

त्यांचा जीव भांड्यात पडला. मग लाज वाटली असावी, कारण ते हळू आवाजात म्हणाले, "बसा ना तुम्ही." आणि थोड्या वेळाने, "पण तारे ठेवू कसे? उलटं पडल्यावर किती सरकतं ते माहीत असल्याशिवाय दुरुस्ती करता येणार नाही."

"ते मोजता येईल," दादा म्हणाला. "एकच तारा एकदा सुलटा पडून घ्यायचा, एकदा उलटा पडून. पुन्हा पुन्हा. पण ते मलाच करावं लागेल. डोळा माझा, मान माझी. दुसऱ्या कुणाला मोजून माझी चूक कशी कळणार?"

"करा मग. उन्हाळ्यात सावकाश करा."

दादाने मान हलवली. "उन्हाळ्यापर्यंत थांबता यायचं नाही. डावाही धुरकटायला लागलाय."

धाकटीचा हात माझ्या लोखंडी कमानीवर होता. तो तिथेच राहिला. हे तिलाही माहीत नव्हतं.

तर मित्रांनो, त्या हिवाळ्यात दादाने तारे मोजले नाहीत, स्वतःला मोजलं. काम विचित्र होतं. धाकटी मला सपाट करायची, दादा डोकं दक्षिणेला ठेवून पडायचा आणि धागा लावायचा. नाक स्क्रूला घासायचं, पण सुलटंही डाव्या डोळ्यानेच पाहणं भाग होतं, नाहीतर तुलना कसली. मग तारा रेघ ओलांडायच्या आत उठून, फिरून, डोकं उत्तरेला करून पुन्हा लावायचा. ध्रुवाजवळचे तारे चालीने मंद असतात म्हणून एवढा वेळ मिळायचा. चाकावरचे आकडे आता धाकटी वाचायची, कारण बारीक आकडे त्याला दिसत नव्हते. न मावळणारे तारे बाराही महिने हजर असतात, म्हणूनच हे जमलं. दुसरे तारे असते तर त्यातले अर्धे तरी ऋतू बदलेपर्यंत आलेच नसते.

दादाचा डोळा उतरत होता, तसे त्यांनी तारे निवडायला सुरुवात केली. आधी मंद, मग मध्यम, शेवटी फक्त ठळक. घाई होती, पण दोघं घाई करत नव्हती. भांडणं मात्र रोज.

"पाय आवर, पडशील."

"तू आकडा वाच, पायाचं मी बघतो."

"कशाने बघतोस?"

असलं काही धाकटीच बोलू शकायची. वहिनीने ऐकलं असतं तर दोघांना घराबाहेर काढलं असतं.

थंडी सरता सरता, एका संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला, शेवटचा तारा आला. ठळक होता. दादा पडला होता, सुलटा. धाकटी चाकापाशी.

"यायला हवा आता," ती म्हणाली.

दादा बघत राहिला. मी त्याच्या पाठीखाली होतो. त्याने श्वास रोखून धरला होता आणि स्क्रूवरची बोटं हलत नव्हती. घड्याळाचे ठोके पडत होते. तारा येऊन गेला असणार.

"दादा?"

"लिही," तो म्हणाला. "दिसला नाही."

"ढग असेल."

"ढग नाही. लिही, दिसला नाही."

धाकटीने तसं लिहिलं. मग तिने छपराची झडप ओढून बंद केली आणि दोघं तिथेच बसून राहिली. मला वाईट वाटलं, आणि ते मी सरळ सांगतो. इतकी वर्षं मी त्याचा भार उचलला, पण त्या संध्याकाळी त्याला उठवायला माझा काही उपयोग झाला नाही. हात धाकटीने दिला.

मापं पुरेशी होती की नाहीत, हे तिला लगेच सांगता येत नव्हतं. आकडेमोड पुढचं वर्षभर चालली. दादा घरी होता. खोलीत आता दुसरा वेधकर्ता यायचा. तो बारीक अंगाचा होता आणि माझ्यावर पडल्या पडल्या शिट्टी वाजवायचा.

सूची छापून आली त्या दिवशी धाकटी दादाला हाताला धरून आमच्या खोलीत घेऊन आली. त्याने चाचपडत मला शोधलं, माझी पाठ खाली केली आणि सवयीने पडला. डोकं दक्षिणेला. ती शेजारी स्टुलावर बसून प्रस्तावना वाचायला लागली. त्यात सगळं छापलं होतं. वेधकर्त्याचा उजवा डोळा निकामी झाला, त्याने शेवटची दोन वर्षं उंचावरचे तारे उलट दिशेला डोकं करून मोजले, त्याने मापात किती फरक पडतो हे त्याने स्वतःच मोजून दिलं, आणि अशा प्रत्येक मापापुढे डोकं कुठल्या बाजूला होतं ते नोंदवलं आहे. हे छापायचा आग्रह दादाचाच होता. प्रमुख नको म्हणत होते.

दादाने ते शांतपणे ऐकून घेतलं. तो पानं उलटल्याचा आवाज ऐकत होता.

"धाकटे," तो म्हणाला, "खरं सांग. शेवटच्या दोन वर्षांतले किती गाळले?"

"एकही नाही."

"मंदही?"

"एकही नाही, दादा. सगळे आहेत."

त्याची पाठ माझ्यावर हळूहळू सैल पडली. त्या दिवशी तो माझ्यावर खरंच झोपला, घोरत, दुपार संपेपर्यंत. धाकटीने त्याला उठवलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. ताऱ्यांचे फोटो उतरवणाऱ्या काचा आल्या, मग माणसाने डोळा लावायची गरजच उरली नाही. मला मागच्या खोलीत टाकलं. तिथे कुणीतरी माझ्यावर रंगाचे डबे ठेवले, त्यांचे डाग अजून आहेत. एक चाक हरवलं. मग कुणाला तरी आठवण झाली आणि मला इथे आणून दोरी बांधली. ती सूची मात्र अडगळीत गेली नाही. तारे फार हळू सरकतात, इतके हळू की एका आयुष्यात पत्ता लागत नाही. ते कुठून निघाले हे पाहायला जुनी मापं लागतात, आणि ज्या मापांत आपली चूक लिहून ठेवली आहे ती मापं आजही वापरता येतात. त्यातल्या मंद ताऱ्यांसाठी लोक अजून आमचीच सूची उघडतात, असं पाटी लावणाऱ्या बाई म्हणत होत्या. तरी त्यांनी मला खुर्ची लिहिलं ते लिहिलंच.

आता तुम्हाला वाटेल, हा 'मला पुसत जा, तेल लावा' असं काही सांगणार. लावलंत तर मी नाही म्हणणार नाही. पण मला सांगायचं आहे ते वेगळं. डॉक्टर नंतर धाकटीला म्हणाले होते, की पहिल्या हिवाळ्यात दाखवलं असतं तर दोन्ही डोळे वाचले असते. तिने हे दादाला कधी सांगितलं नाही. आमच्या खोलीत येऊन, माझ्या कडेला बसून, हे पुटपुटत एकटीच रडली. वर्षभर ती रोज त्याच्या डोक्याशी उभी राहून विचारत होती, आकडे का जुळत नाहीत. तुला काय होतंय, हे तिने त्याला एकदाही विचारलं नव्हतं. तुमच्या घरातलं कुणी असंच बिनकारण बदलल्यासारखं वागू लागलं, तर मित्रांनो, तेवढं विचारा.